कल्याणचा मायेचा कंदील

मराठीच्या प्राध्यापकाला वर्षातून एकदा तरी असा एखादा शब्द भेटतो, की तो विद्यार्थ्यांच्या तोंडून वदवून घेतल्याशिवाय त्याला चैन पडत नाही. यंदा मला भेटलेला शब्द होता 'शांबरिक खरोलिका'. मी तो फळ्यावर लिहिला मात्र, मागच्या बाकावरून एक चिरंजीव म्हणाले, "सर, ही भाजी कोणत्या बाजारात मिळते?" वर्ग हसला, मीही हसलो. रात्री करावे गावातल्या आमच्या घरी जेवताना हा किस्सा सांगितला, तर अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, हातातला घास ताटात ठेवला आणि म्हणाले, "भाजी कसली? माझ्या बापानं पाहिलीय ती खरोलिका."

आम्ही सारेच त्यांच्या तोंडाकडे पाहू लागलो. गेल्या वर्षी श्रावणात आई गेली, कल्याणचे घर बंद करून आम्ही अण्णांना इकडे आणले, आणि तेव्हापासून 'हो', 'नको' आणि 'बरंय' या तीन शब्दांपलीकडे ते फारसे गेले नव्हते. त्यातून नजर अधू. थंडीत खाडीवर रोहित पक्षी उतरले तेव्हा मुद्दाम त्यांना दाखवायला नेले, तर म्हणाले, "नुसतं गुलाबी दिसतं रे." एक मुठीचे भिंग तेवढे त्यांच्या उशाशी असे. त्यातून अक्षर अक्षर लावीत ते सकाळचा पेपर दुपारपर्यंत पुरवीत.

तर ही खरोलिका म्हणजे काय, ते आधी सांगतो. विलायतेत व्हिक्टोरिया राणीचे राज्य (१८३७ ते १९०१) म्हणजे यंत्रांचे आणि गमतींचे राज्य. फटींतून डोकावून पाहिले की आतली चित्रे धावू लागणारी फिरती पिंपे, दोन डोळ्यांनी पाहायची खोल छायाचित्रे, १८७७ साली एडिसनने बोलका केलेला फोनोग्राफ! पण घराघरांत आणि सभागृहांत खरा मान होता तो 'मॅजिक लँटर्न'ला. कल्पना तशी जुनी. हॉलंडच्या ह्युगेन्सने ती सतराव्या शतकातच मांडली होती. पत्र्याच्या पेटीत दिवा, त्यापुढे काचेवर रंगवलेले चित्र आणि त्यापुढे भिंग. अंधाऱ्या खोलीत पडद्यावर चित्र मोठे होऊन उमटते. लंडनच्या पॉलिटेक्निक संस्थेत तर चुन्याचा खडा प्राणवायू आणि हायड्रोजनच्या ज्योतीत तापवून त्या लखलखाटात हे खेळ चालत. दोन कंदील शेजारी ठेवून एकाचा उजेड मंद आणि दुसऱ्याचा हळूहळू प्रखर केला, की उन्हाळ्यातला गाव प्रेक्षकांच्या डोळ्यांदेखत हिवाळ्यात जाई.

हा कंदील आपल्याकडेही आला. पण कल्याणच्या महादेव गोपाळ पटवर्धनांनी त्याचे जे केले, त्याला तोड नाही. १८९२ साली त्यांनी आपला खेळ लोकांपुढे आणला आणि नाव ठेवले शांबरिक खरोलिका! शंबरासुर हा मायावी, म्हणून शांबरी म्हणजे माया. अमरकोशात तो मायेचाच पर्याय दिलेला आहे. आणि खरोलिका म्हणजे दिवा. मायेचा दिवा! आज आम्ही प्रोजेक्टरला 'प्रोजेक्टर'च म्हणतो आणि भाषेच्या ऱ्हासावर परिसंवाद घेतो, ते असो.

विलायती चित्रांत किल्ले आणि बर्फ असे. पटवर्धनांच्या काचांवर रामायण अवतरले. या काचा हाताने रंगवलेल्या. देखावा एका काचेवर, पात्रे निराळ्या काचांवर, आणि पात्राभोवतीची सारी काच काळी केलेली. म्हणजे पडद्यावर उजेड पडे तो फक्त पात्रापुरता. एकच पात्र निरनिराळ्या पवित्र्यांत रंगवायचे आणि एकाहून अधिक कंदिलांतून ती चित्रे भराभर बदलायची, की पात्र हलल्याचा भास होई. जोडीला निवेदन आणि गाणी. विनायक आणि रामचंद्र हे मुलगे वडिलांच्या हाताखाली तयार झाले आणि खेळ गावोगाव फिरला.

जरा सालांकडे पाहा. मुंबईच्या वॉटसन हॉटेलात ल्युमिएर बंधूंचा चलत्पट दाखवला गेला तो ७ जुलै १८९६ रोजी, एक रुपया तिकीट लावून. त्याच्या चार वर्षे आधी कल्याणकरांनी पडद्यावर हलणारी चित्रे पाहिली होती! फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' तर १९१३ चा. तो पाहायला गेलेल्या माणसांना अंधारात बसून पडद्यावर देव पाहण्याची सवय कुणी लावली, हे आपल्या सिनेमाच्या गोष्टीत बहुधा एका ओळीत उरकले जाते. मला हे पटत नाही. पण मी कल्याणचा, तेव्हा माझी साक्ष पक्षपाती धरावी.

"आजोबांनी काय पाहिलं हो?" आमच्या चिमीने विचारले.

"ते पाच-सहा वर्षांचे होते. चित्र काही आठवत नसे त्यांना. तापलेल्या पत्र्याचा वास तेवढा आठवे," अण्णा म्हणाले. मग थोड्या वेळाने, "बुटांचं खोकं आहे का घरात?"

खोके निघाले. त्याला एका बाजूने भोक पाडले. आता भिंग हवे. मी म्हटले, उद्या बाजारातून आणतो. अण्णा उठले, उशाजवळचे भिंग घेऊन आले आणि मी "अहो, अहो" म्हणेपर्यंत त्याची मूठ काढून त्यांनी ते भोकात बसवलेसुद्धा. "पेपरात काय असतं रोज?" म्हणाले. आईच्या तसबिरीची काच बदलली होती, तिचा जुना तुकडा माळ्यावर होता. कडांना चिकटपट्टी लावून चिमीने त्यावर रावण काढला. दहा तोंडे मावेनात, सातांवर भागवले. आत दिव्याऐवजी हिचा मोबाईल. दिवे घालवले, खोके पुढेमागे केले, आणि भिंतीवर रावण उमटला तो शीर्षासन करून!

भिंगातून गेलेला उजेड वरचा खाली आणि खालचा वर होतो, म्हणून पटवर्धनांनाही काचा उलट्याच घालाव्या लागत असणार. हे मला ठाऊक होते, पण ऐन वेळी मीच विसरलो. चिमी किंचाळली, हिला हसू आवरेना, आणि अंधारातून आणखी एक हसणे ऐकू आले. अण्णा भिंतीला नाक लागेल इतके जवळ जाऊन उभे होते. सात तोंडांचा हिरवा रावण त्यांच्या सदऱ्यावर पडला होता.

"काच उलटी घाल, पोरी," ते म्हणाले, "आणि त्याला मिशा काढ. मिशांशिवाय मला ओळखू येत नाही."