शिंपलीला कसला एवढा आनंद?

इंग्रजी गोष्ट वाचता वाचता एखादं पात्र 'हॅपी ॲज अ क्लॅम' असल्याचं कळतं आणि नव्याने इंग्रजी वाचणारा तिथेच थबकतो. शब्द सगळे सोपे आहेत. क्लॅम म्हणजे आपल्या तिसऱ्यांच्या जातीची शिंपली. तिला चेहरा नाही, हसायला ओठ नाहीत, हरखून उडी मारायला पायही नाहीत. मग आनंदाची परमावधी सांगायला इंग्रजीने सगळी जीवसृष्टी सोडून नेमकी हीच का निवडली?

कारण ही उपमा आपल्यापर्यंत अर्धीच पोचली आहे! १९व्या शतकातल्या अमेरिकेत ती पूर्ण म्हटली जायची, 'भरतीच्या वेळच्या क्लॅमइतका खूश'. आता बघा. ओहोटी लागते, किनारा उघडा पडतो आणि माणसं फावडी-टोपल्या घेऊन चिखल उकरायला उतरतात. शिंपलीच्या जिवावरची घटका ती हीच. पाणी चढलं की माणसं परत फिरतात आणि चिखलातला तो जीव पुढच्या ओहोटीपर्यंत सुखरूप. बोलणाऱ्यांनी पुढे 'भरतीच्या वेळची' हे शब्द गाळून टाकले. म्हणजे सगळं कारण ज्या शब्दांत होतं, तेच गेले. आनंद आणि शिंपली एवढं मात्र उरलं.

खाडीत ओहोटीला उतरून तिसऱ्या काढणाऱ्या कोकणातल्या किंवा गोव्यातल्या बाईला 'भरती' एवढा एकच शब्द पुरवा. समुद्रापासून दूर वाढलेल्या, जन्मापासून इंग्रजी बोलणाऱ्या माणसाच्या आधी तिला ही उपमा उमगेल. मला यातलं हे फार मोठं नवल वाटतं. भाषा एकाची, आणि तिची किल्ली हजारो मैलांवरच्या दुसऱ्याच माणसाच्या हातात.

अशी अनोळखी उपमा समोर आली की आपलं डोकं नेमकं काय करतं? शाळेत अलंकार शिकताना उपमेचे चार भाग पाठ केले होते ते आठवा. ज्याच्याबद्दल बोलायचं ते उपमेय, ज्याच्याशी तुलना करायची ते उपमान, दोघांत समान असलेला साधारण धर्म आणि 'सारखा', 'परी' असा साम्य दाखवणारा शब्द. चारही हजर असतील तर ती पूर्णोपमा आणि एखादा गळला तर लुप्तोपमा. आपल्या साहित्यशास्त्रकारांनी ही चिरफाड हजार वर्षांपूर्वीच करून ठेवली. दंडीने तर 'काव्यादर्शा'त उपमेचे तीसहून अधिक प्रकार सांगितले. आणि परक्या भाषेतली उपमा सोडवताना हीच अवजारं आजही जशीच्या तशी कामाला येतात!

इंग्रजीत उपमा बहुतेकदा दोन वाटांनी येते. एक वाट 'ॲज–ॲज'ची. ती वाचकाशी उदारपणे वागते, कारण साधारण धर्म ती स्वतःच सांगून टाकते. 'कूल ॲज अ क्युकंबर' वाचलं आणि क्युकंबर म्हणजे काकडी हे ठाऊक नसलं, तरी काही अडत नाही. माणूस शांत आहे, आणि चांगलाच शांत आहे, एवढं हाती लागतंच. काकडीने फक्त जोर वाढवला. मात्र त्यात एक सुंदर हातचलाखी आहे. काकडी थंड असते ती स्पर्शाला, माणूस थंड असतो तो स्वभावाने. एकाच 'कूल'चे दोन अर्थ त्या वाक्यात एकमेकांना टाळी देतात आणि वाचणाऱ्याला त्याचा पत्ताही लागत नाही.

दुसरी वाट 'लाइक'ची. ती धर्म सांगत नाही. 'अमुक तमुकासारखा आहे', एवढं म्हणून गप्प बसते. कशाबाबतीत सारखा? ते तुम्ही शोधा. शब्दकोड्यात जशी आडव्या शब्दांची अक्षरं उभ्या शब्दाला हात देतात, तशी आजूबाजूची वाक्यं इथे मदतीला येतात. लेखकाला त्या पात्राबद्दल माया आहे की राग? प्रसंग घाईचा आहे की निवांत? आणि सगळ्यांत उपयोगी प्रश्न म्हणजे, हे कौतुक चाललंय की टीका? एवढं एक कळलं तरी शक्यतांचा ढीग निम्म्याने उतरतो.

हे किती नाजूक काम आहे ते पाहायला दोन वाक्यं घ्या. 'हा सर्जन खाटकासारखा आहे.' 'हा खाटीक सर्जनसारखा आहे.' माणसं तीच दोन, दोघांच्याही हातात सुरी. पण पहिलं वाक्य ऐकून रुग्ण पळ काढेल आणि दुसरं ऐकून गिऱ्हाइकं रांग लावतील! साम्य ही दुतर्फा गोष्ट असती, तर दोन्ही वाक्यांचा अर्थ एकच व्हायला हवा होता. तसं होत नाही. मानसशास्त्रज्ञ अँड्र्यू ऑर्टोनी यांनी १९७९ साली यामागचं मर्म मांडलं. जो गुण उपमानात ठळक असतो आणि उपमेयात तितका ठळक नसतो, तोच आपण उचलतो. खाटीक म्हटलं की धसमुसळेपणा आठवतो, सर्जन म्हटलं की कौशल्य. म्हणजे परक्या भाषेत नुसता उपमानाचा अर्थ कळून भागत नाही. त्या लोकांच्या मनात त्या वस्तूची कोणती बाजू वर असते, हे कळावं लागतं.

आणि इथेच खरा चकवा आहे. इंग्रजीत म्हणतात, 'लाइक वॉटर ऑफ अ डक्स बॅक', बदकाच्या पाठीवरून घरंगळणाऱ्या पाण्यासारखं. मराठी वाचकाला लगेच वाटतं, अरे, हे तर आपलं अळवावरचं पाणी! निसर्गाच्या हिशेबाने तो बरोबरच असतो. बदकाची पिसं सूक्ष्म आकड्यांनी एकमेकांत गुंतलेली असतात. त्यांच्या फटींत हवा अडकते आणि पाण्याला आत शिरायला जागाच राहत नाही. अळवाच्या पानावर मेणाची इतकी बारीक खडबड असते की थेंबाला टेकायला फार थोडी जागा मिळते, म्हणून तो गोळा होऊन घरंगळतो. विल्हेल्म बार्थलॉट आणि क्रिस्टॉफ नाइनहुइस या जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञांनी १९९७ साली या गुणाचं गाजलेलं वर्णन केलं, तेव्हा त्यांनी अभ्यासलेल्या पानांत कमळाबरोबर आपला अळूही होता.

पण अर्थाच्या हिशेबाने? अळवावरचं पाणी म्हणजे क्षणाचा भरवसा नसलेलं आयुष्य. बदकाच्या पाठीवरचं पाणी म्हणजे टोमणे आणि टीका मनाला लागू न देणारा माणूस. मग ते आपल्या पालथ्या घड्यावरच्या पाण्याच्या जवळ जातं का? थोडंसं जातं. पण पालथ्या घड्याला आपण दोष देतो, कारण चांगला उपदेश फुकट गेला. बदकाला इंग्रज पुष्कळदा दाद देतो, कारण वाईट बोलणं वाया गेलं. न टिकणारं तेच पाणी. एकीकडे त्यातून मृत्यूची आठवण झाली, दुसरीकडे मठ्ठपणाची तक्रार आणि तिसरीकडे कणखरपणाची शाबासकी! वस्तूकडे पाहून हे तीनही अर्थ कुणाला वर्तवता आले असते?

आता एक मोठा दिलासा. ज्यांची ही भाषा आहे, त्यांना तरी सगळं कळतं का? 'डेड ॲज अ डोअरनेल', दाराच्या खिळ्याइतका मेलेला, ही उपमा इंग्रजीत १४व्या शतकापासून आहे. खिळा जिवंत होता कधी, की तो मरेल? १८४३ साली चार्ल्स डिकन्सने 'अ ख्रिसमस कॅरल'च्या अगदी सुरुवातीला ही उपमा वापरली आणि लगेच त्याचा निवेदक थांबून हेच विचारू लागला. दाराच्या खिळ्यात असं काय मेलेलं असतं? त्यापेक्षा शवपेटीचा खिळा जास्त शोभला असता, असं त्याचं मत. केवढी धीर देणारी गोष्ट आहे ही! इंग्रजीच्या एवढ्या मोठ्या कादंबरीकाराने नवशिक्याचाच प्रश्न विचारला. एक उत्तर असं दिलं जातं की जाड दाराच्या फळ्यांतून आरपार ठोकलेल्या खिळ्याचं टोक पलीकडून वाकवून चेपत. तो पुन्हा काढून वापरता येत नसे, म्हणून तो मेलेला.

पण ही उपमा सहाशेहून अधिक वर्षं टिकली, त्यात कारणाचा वाटा किती आणि कानाचा किती? 'डेड' आणि 'डोअरनेल'मधला ड पुन्हा म्हणून पाहा. 'कूल' आणि 'क्युकंबर'मधला क. 'फिट ॲज अ फिडल'मधला फ. 'राइट ॲज रेन'मधला र. आपण ज्याला अनुप्रास म्हणतो तोच हा. फ्रँक बूर्स आणि सेथ लिंडस्ट्रॉमबर्ग या अभ्यासकांनी दाखवून दिलं की असा आद्याक्षरांचा मेळ इंग्रजी शब्दप्रयोगांत बराच आढळतो, आणि शिकणाऱ्याचं लक्ष त्याकडे वेधलं तर ते प्रयोग त्याच्या अधिक लक्षात राहतात. म्हणजे काही उपमांत साम्य शोधत बसण्यापेक्षा त्या मोठ्याने वाचाव्यात. उत्तर अर्थात नसून आवाजात असतं.

कधी उत्तर चक्क लिपीत असतं. 'प्लीज्ड ॲज पंच' वाचून माणूस ठोसा खाऊन कसा खूश झाला, असा प्रश्न पडतो. मग दिसतं की पंचचं पहिलं अक्षर कॅपिटल आहे. म्हणजे हे कुणाचं तरी नाव! हा पंच म्हणजे इंग्लंडच्या कळसूत्री खेळातला बाहुला, इटलीच्या पुल्चिनेल्लाचा वंशज. सॅम्युएल पेपिसने मे १६६२ मध्ये लंडनच्या कॉव्हेंट गार्डनमध्ये असा खेळ पाहिल्याची नोंद रोजनिशीत केली आहे. समोर येईल त्याला सोट्याने बडवायचं आणि स्वतःवरच बेहद्द खूश व्हायचं, हा पंचचा स्वभाव. एका मोठ्या अक्षरामागे साडेतीनशे वर्षांची जत्रा!

आणि कधी उपमा उलटी असते. 'क्लिअर ॲज मड', चिखलाइतकं स्वच्छ. इथे शब्दशः गेलात तर फसलात. पण इंग्रजी वाक्य पुष्कळदा आधीच खूण करून ठेवतं. 'ॲज'च्या आधी 'अबाउट' आलं की सावध व्हावं, पुढे बहुधा उपरोध असतो. 'जवळजवळ इतकं' असं नम्रपणे म्हणत तो शब्द डोळा मारत असतो.

याहून अजब म्हणजे उपमा सत्यावर चालत नाही, समजुतीवर चालते. इंग्रजीत घामाघूम माणूस डुकरासारखा घामेजतो. पण डुकराला अंग थंड करण्याइतका घाम येतच नाही. म्हणून तर ते चिखलात लोळतं. डुकरं पाळणारा शेतकरी या उपमेपाशी जास्त गोंधळेल, ही केवढी नवलाची गोष्ट! 'मॅड ॲज अ मार्च हेअर', मार्चमधल्या सशासारखा वेडा, हीसुद्धा त्यातलीच. वसंतात इंग्लंडच्या शेतांत ससे मागच्या पायांवर उभे राहून एकमेकांना बुक्क्या मारताना दिसतात. मादीसाठी दोन नर झुंजताहेत, असं पिढ्यान्‌पिढ्या मानलं गेलं. निरीक्षणातून निघालं भलतंच. बहुतेकदा ती मादीच असते, नको असलेल्या नराला बुक्के मारून हाकलणारी. जिला लोक वेडी म्हणत आले, ती पूर्ण शुद्धीवर होती. आणि हा सगळा प्रकार काही फक्त मार्चपुरता नसतो. मार्चमध्ये पीक आखूड असतं, म्हणून तो आपल्याला दिसतो इतकंच.

या सशाचा एक सोबती आहे, 'मॅड ॲज अ हॅटर'मधला टोपीवाला. सशांसारख्या प्राण्यांच्या केसांपासून नमदा करताना टोपीवाले पाऱ्याचं नायट्रेट वापरत. त्याच्या वाफांनी त्यांचे हात थरथरत, स्वभाव लाजरा आणि चिडका होई. ही उपमा तिथूनच निघाली का, यावर अभ्यासकांत वाद आहे. पण हाल खरे होते. अमेरिकेत या धंद्यातला पारा बंद व्हायला १९४१ साल उजाडलं.

ससा आणि टोपीवाला एका टेबलाशी चहा पिताना कुठे पाहिलेत? लुइस कॅरलच्या 'ॲलिस इन वंडरलँड'मध्ये, १८६५ साली. दोन्ही उपमा त्याच्या आधीपासून लोकांच्या तोंडी होत्या. कॅरलने त्यांतली उपमानं सोडवून घेतली, त्यांना खुर्च्या दिल्या आणि बोलायला लावलं! तिसरी उपमा त्याच्या जन्मगावच्या परगण्यातली, चेशरच्या मांजरासारखं दात काढून हसण्याची. हीसुद्धा त्याच्या आधीची, आणि चेशरचं मांजर का हसतं याचा पक्का उलगडा आजवर कुणी केलेला नाही. पुस्तकात ॲलिस सरदारणीला नेमकं हेच विचारते. हे मांजर असं का हसतंय? उत्तर मिळतं की ते चेशरचं आहे म्हणून. अनोळखी उपमेपुढे उभ्या राहिलेल्या प्रत्येक वाचकाला शब्दकोशही असंच काहीसं सांगत असतो.

पुढे ते मांजर शेपटीपासून हळूहळू विरत जातं आणि शेवटी नुसतं हसू हवेत राहतं. पुन्हा ते चार भाग आठवा. उपमान गेलं, साधारण धर्म शिल्लक राहिला. भरती पुसली जाऊन आनंद उरला, दार जाऊन मेलेपण उरलं, तोच हा प्रकार. गणित शिकवणाऱ्या कॅरलने तो मुलांच्या पुस्तकात डोळ्यांना दिसेल असा मांडला, आणि एकाही मुलाला समजावून सांगावं लागलं नाही.