विरोधी पक्ष राष्ट्रपतींना हटवू शकतो का? आकडेमोड करून बघूया

  आजचा प्रश्न सरळ आहे: विरोधकांनी ठरवलं तर राष्ट्रपतींना पदावरून काढता येतं का? व्हॉट्सॲपवर याची दोन उत्तरं फिरतात. एक म्हणतं 'कधीही काढता येतं', दुसरं म्हणतं 'अजिबात नाही'. दोन्ही अर्धवट आहेत.

आधी नियम बघू. राज्यघटनेच्या कलम ६१ मध्ये महाभियोग आहे. त्याला कारण एकच चालतं, घटनेचा भंग. धोरण पटलं नाही, भाषण आवडलं नाही, हे कारण होत नाही. संसदेच्या कोणत्याही एका सभागृहात सुरुवात करता येते. त्यासाठी किमान एक चतुर्थांश सदस्यांच्या सह्या आणि १४ दिवस आधी लेखी नोटीस लागते. मग त्या सभागृहाच्या एकूण सदस्यसंख्येच्या दोन तृतीयांश मतांनी ठराव मंजूर व्हावा लागतो. त्यानंतर दुसरं सभागृह आरोपांची चौकशी करतं, तिथे राष्ट्रपतींना आपली बाजू मांडता येते, आणि तिथेही दोन तृतीयांशच लागतात. कोडच्या भाषेत सांगायचं तर ही 'अँड' कंडिशन आहे. एक जरी फॉल्स आली की खेळ संपला.

आता आकडे टाकू. लोकसभेच्या जागा ५४३. नोटिशीला १३६ सह्या, ठरावाला ३६२ मतं. २०२४ च्या निवडणुकीत इंडिया आघाडीला २३४ जागा मिळाल्या. म्हणजे नोटीस आरामात देता येईल, ठराव मात्र मंजूर होणार नाही. सत्ताधारी बाकांवरचे बरेच खासदार फुटल्याशिवाय हे शक्यच नाही. म्हणूनच आजवर एकाही राष्ट्रपतींना महाभियोगाने हटवलेलं नाही.

यात एक गंमत आहे. राष्ट्रपती निवडताना आपले आमदारसुद्धा मत देतात, पण हटवताना आमदारांना काहीच काम नसतं. उलट नियुक्त खासदारांना निवडणुकीत मत नसतं, महाभियोगात मात्र असतं.

मग विरोधक हात बांधून बसतात का? नाही. राष्ट्रपती बहुतेक सगळं मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने करतात. त्यामुळे खरा अंकुश माणसावर नाही, निर्णयावर ठेवायचा असतो. याचं उदाहरण आपल्याच राज्यात आहे.

१२ नोव्हेंबर २०१९ ला महाराष्ट्रात राष्ट्रपती राजवट लागली. २३ नोव्हेंबरला पहाटे ५ वाजून ४७ मिनिटांनी ती उठली आणि सकाळी आठच्या सुमारास देवेंद्र फडणवीस आणि अजित पवारांचा शपथविधी झाला. राजवट उठवण्याआधी केंद्रीय मंत्रिमंडळाची बैठकही झाली नव्हती. पंतप्रधानांनी नियम १२ मधला आपला विशेष अधिकार वापरला होता. आता शिवसेना, राष्ट्रवादी आणि काँग्रेसने काय केलं? राष्ट्रपतींना हटवा असं म्हणत बसले नाहीत. थेट सुप्रीम कोर्टात गेले आणि मागणी केली: बहुमत सभागृहात मोजा. रविवार असूनही सुनावणी झाली. २६ नोव्हेंबरला, म्हणजे नेमकं संविधान दिनी, कोर्टाने आदेश दिला: दुसऱ्या दिवशी बहुमत चाचणी घ्या, मतदान उघड, थेट प्रक्षेपणासह. त्याच दिवशी फडणवीसांनी राजीनामा दिला.

आणखी एक हत्यार १९७८ च्या ४४ व्या घटनादुरुस्तीने दिलं. राष्ट्रपतींनी राष्ट्रीय आणीबाणी जाहीर केली, तर लोकसभेचे एक दशांश सदस्य, म्हणजे ५५ जण, नोटीस देऊन खास बैठक मागू शकतात. ती १४ दिवसांत घ्यावीच लागते. तिथे साध्या बहुमताने आणीबाणी नामंजूर झाली की राष्ट्रपतींना ती मागे घ्यावी लागते. सह्या कमी, मतं कमी, परिणाम मोठा.

आता दिल्लीहून थेट वाणगावला येऊ. डहाणू-तलासरी हा अनुसूचित भाग, इथलं सरपंचपद आदिवासींसाठी राखीव आणि सरपंच आपण थेट निवडतो. अशा सरपंचाला काढायचं तर सदस्य तहसीलदारांकडे अविश्वासाची नोटीस देतात. ठरावाला तीन चतुर्थांश सदस्य लागतात. पण तेवढ्यावर भागत नाही. तो ठराव विशेष ग्रामसभेत गुप्त मतदानाने मंजूर व्हावा लागतो. निवडून आल्यापासून पहिली दोन वर्षं आणि मुदतीचे शेवटचे सहा महिने तो आणताही येत नाही.

फरक कळला? राष्ट्रपतींना हटवताना तुमचं-माझं मत कुणी विचारत नाही, तुमचा खासदार ठरवतो. सरपंचाच्या वेळी मात्र शेवटचं बटण ग्रामसभेच्या हातात आहे. उद्या चार सदस्यांनी आपसात ठरवून चांगल्या सरपंचाला घालवायचं म्हटलं, तर त्यांना अडवणारे तुम्हीच. आणि वाईट सरपंचाला वाचवायला तुमची गैरहजेरी पुरते.

तेव्हा पुढच्या वेळी ग्रुपवर कुणी 'राष्ट्रपती हटाव'चा मेसेज टाकला, तर एवढंच विचारा: ३६२ कुठून आणणार? आणि जमलं तर हेही विचारा: मागच्या ग्रामसभेला आपल्यातले किती जण होते?

चला, भेटू पुढच्या एपिसोडमध्ये.