चेहऱ्याची जबानी

राजाच्या अन्नात विष कालवणारा इसम कसा ओळखावा, याची लक्षणे कौटिल्याने अर्थशास्त्राच्या पहिल्याच अधिकरणात देऊन ठेवली आहेत: तोंडाला कोरड पडून त्यावर काळिमा चढणे, वाचा अडखळणे, घाम सुटणे, वारंवार जांभया येणे, अंगाला कंप सुटणे, चालताना ठेच लागणे आणि एका जागी पाय न ठरणे. मुदपाकखान्यातील संशयिताला लावायची ही कसोटी आज आपण पडद्यावरील प्रत्येक मुखाला बिनदिक्कत लावतो; मंत्र्याचा खुलासा असो, बेपत्ता मुलाच्या आईचा टाहो असो की बुडीत पेढीच्या संचालकाची कैफियत असो, बातमी संपण्यापूर्वीच आपला निवाडा तयार असतो. या निवाड्याची मानसशास्त्रज्ञांनी गेल्या काही दशकांत जी रुजवात घातली, ती आपल्या आत्मविश्वासाला फारशी अनुकूल नाही.

चेहऱ्याला बोलता येते, यात वाद नाही. डार्विनने १८७२ साली मनुष्य आणि प्राणी यांच्या भावाविष्कारावर स्वतंत्र ग्रंथ लिहिला. पुढे १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात पॉल एकमन हे अमेरिकी मानसशास्त्रज्ञ पापुआ न्यू गिनीच्या डोंगराळ मुलखातील फोर जमातीत छायाचित्रे घेऊन गेले, आणि बाह्य जगाशी अत्यल्प संपर्क असलेल्या त्या लोकांनाही परक्यांच्या मुद्रेवरील मूलभूत भाव उमगतात, असे त्यांनी प्रतिपादन केले. दडपलेली भावना क्षणाच्या अल्पांशात मुद्रेवर उमटून लोपते, हा त्यांचा सिद्धान्त तर दूरचित्रवाणीच्या मालिकांनी घरोघर पोहोचवला. मात्र स्टीफन पोर्टर आणि लिअन टेन ब्रिंकी यांनी २००८ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात तपासलेल्या ६९७ मुद्रांपैकी अशा क्षणिक छटा अवघ्या १४ मुद्रांत निघाल्या, आणि त्याही केवळ खोट्या मुद्रांपुरत्या नव्हत्या.

शिवाय चेहरा भावनेची वर्दी देतो, तिच्या कारणाची नाही. भीतीने पांढरा पडलेला माणूस पकडले जाण्याला भितो की आपल्यावर कोणी विश्वास ठेवणार नाही याला, हे त्याच्या कपाळावर लिहिलेले नसते. या गफलतीला एकमन यांनीच ऑथेल्लोचे नाव दिले. ‘ऑथेल्लो’वर बेतलेला देवलांचा ‘झुंझारराव’ ज्यांच्या परिचयाचा आहे, त्यांना निष्पाप पत्नीची व्याकुळता अपराधाची कबुली समजणाऱ्या नवऱ्याचा शेवट सांगावयास नको.

या गफलतीची किंमत ऑस्ट्रेलियात लिंडी चेंबरलेन यांनी मोजली. १७ ऑगस्ट १९८० च्या रात्री उलुरू या प्रचंड खडकाजवळच्या तळावरील तंबूतून त्यांची नऊ आठवड्यांची मुलगी अझारिया नाहीशी झाली. डिंगो, म्हणजे तेथील रानकुत्रा, तिला घेऊन गेला, असे त्या पहिल्यापासून सांगत होत्या. परंतु कॅमेऱ्यापुढे त्या धाय मोकलून रडल्या नाहीत, घडले ते संथ स्वरात, तपशीलवार सांगत राहिल्या, आणि पाद्र्याची ही पत्नी शोकाकुल मातेसारखी दिसत नाही एवढ्यावरून लोकमताचा कौल त्यांच्याविरुद्ध पडला. मोटारीत तान्ह्या मुलाचे रक्त सापडल्याचा जो शास्त्रीय पुरावा न्यायालयात आला, ते डाग वस्तुतः आवाज दाबण्यासाठी मोटारीला दिलेल्या लेपाचे असल्याचे पुढे उघड झाले. तोवर १९८२ साली त्यांना जन्मठेप होऊन गेली होती. फेब्रुवारी १९८६ मध्ये डिंगोंच्या वावराच्या जागी मुलीचे जाकीट सापडले तेव्हा त्या सुटल्या, १९८८ मध्ये दोषसिद्धी रद्द झाली, आणि मृत्यूचे कारण म्हणून सरकारदप्तरी डिंगोची नोंद व्हावयास २०१२ साल उजाडले.

याच्या अगदी उलट प्रकार ऑक्टोबर १९९४ मध्ये अमेरिकेच्या दक्षिण कॅरोलायना राज्यातील युनियन या गावी घडला. एका कृष्णवर्णीय माणसाने बंदुकीच्या धाकाने मोटार पळवली आणि आत माझी दोन मुले होती, अशी फिर्याद सुझन स्मिथ या तरुण आईने दिली, नऊ दिवस ती मुलांसाठी विनवण्या करीत राहिली, आणि देशभरातील असंख्य लोक तिच्या दुःखात सहभागी झाले. तपास अधिकाऱ्यांना मात्र चौकातील एक दिवा खटकला: लाल दिवा लागला म्हणून मी थांबले, आसपास दुसरे वाहन नव्हते, असे ती सांगत होती, परंतु त्या चौकातील दिवा आडव्या रस्त्यावर वाहन आल्याखेरीज लाल होतच नसे. ३ नोव्हेंबरला तिने गुन्हा कबूल केला. मोटार मुलांसह तिनेच तळ्यात लोटली होती.

सामान्य प्रेक्षकाची पारख किती, हे आकड्यांनीही सांगितले आहे. चार्ल्स बाँड आणि बेला डीपाउलो यांनी २००६ साली २४ हजारांहून अधिक परीक्षकांचे निर्णय एकत्र करून पाहिले, तेव्हा खरेखोटे ओळखण्याचे प्रमाण सरासरी ५४ टक्के भरले. नाणे उडवले तरी ५० टक्के पदरात पडतात. नातलगांसाठी टाहो फोडणाऱ्यांच्या खऱ्या ब्रिटिश चित्रफिती ५२ डच पोलिसांना दाखवल्या, तर त्यांचीही धाव नाण्यापलीकडे गेली नाही. सर्वांत उद्बोधक ठरला तो रिचर्ड वाइझमन यांचा ब्रिटनमधील १९९४ चा प्रयोग: दूरचित्रवाणीवरील नामवंत मुलाखतकार सर रॉबिन डे यांनी आपल्या आवडत्या चित्रपटाविषयी दोन मुलाखती दिल्या, एक खरी, एक खोटी, ४१ हजारांहून अधिक लोकांनी कौल कळवला, आणि ज्यांनी त्या पडद्यावर पाहिल्या त्यांच्यापैकी सुमारे ५२ टक्के, वृत्तपत्रात वाचल्या त्यांच्यापैकी ६४ टक्के, तर नभोवाणीवर केवळ ऐकल्या त्यांच्यापैकी ७३ टक्के लोकांना लबाडी ओळखता आली. अर्थात जेथे मुद्रा दिसत होती, तेथेच फसगत सर्वाधिक झाली.

म्हणून बातमीतल्या माणसाला जोखताना डोळ्यांपेक्षा कानांना आणि कानांपेक्षा कागदाला अधिक मान द्यावा. वेळ, स्थळ, सोबतची माणसे आणि पैशाची वाट, यांपैकी कोणता तपशील त्याने स्वेच्छेने दिला, कोणता टाळला आणि कोणता त्रयस्थाकडून पडताळता येईल, हे पाहावे. १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेने साक्षीदाराच्या आविर्भावाची नोंद घेण्याचा भार न्यायाधीशावर टाकला होता खरा, परंतु तो आविर्भाव उलटतपासात, इतर पुराव्याच्या शेजारी ठेवून तोलला जात असे. आपल्यापुढे येतात ती संपादकाने कात्री लावलेली काही क्षणांची दृश्ये. पडताळण्याजोगे काही हाती नसेल, तर निकाल राखून ठेवण्याचा अधिकार जसा न्यायालयाला, तसाच प्रेक्षकालाही आहे, आणि तो त्याने अधिक वेळा बजावण्याजोगा आहे.