रंगमंच आणि रुपेरी पडदा : डॉ. श्रीराम लागू यांचा अभिनय

नटाची खरी परीक्षा कोठें होते, हा वाद महाराष्ट्रांत जुना आहे. शेवटच्या रांगेंतील प्रेक्षकापर्यंत ज्याचा शब्द पोंचतो तोच नट, असें एक पक्ष म्हणतो. पापणी लवली तरी जिचा अर्थ कळतो ती खरी कला, असें दुसऱ्या पक्षाचें म्हणणें असतें. या दोन्ही परीक्षांस बसून दोन्हींत उत्तीर्ण झालेले नट थोडे. आणि त्या थोड्यांत डॉ. श्रीराम लागू यांचें नांव अग्रभागीं घ्यावें लागतें.

लागू यांचा जन्म १६ नोव्हेंबर १९२७ रोजीं सातारा येथें झाला. पुण्याच्या बी. जे. मेडिकल कॉलेजांत वैद्यकाचा अभ्यास करून ते कान, नाक व घसा यांचे शस्त्रवैद्य झाले. पुण्यास आणि पुढें आफ्रिकेंत टांझानियांत त्यांनीं हा व्यवसाय केला. नाटकाचा नाद विद्यार्थिदशेपासूनचा. परंतु १९६९ सालीं, चाळिशी उलटल्यावर, बसलेली घडी मोडून त्यांनीं पूर्णवेळ नटाचा पेशा पत्करला. हौस म्हणून नाटक करणाऱ्यास पडलेला प्रयोग विसरतां येतो; पोट ज्यावर अवलंबून आहे त्यास तो विसरतां येत नाहीं. त्या निर्णयांतील जोखीम ही होती.

पुढच्याच वर्षीं, २३ डिसेंबर १९७० रोजीं, गोवा हिंदु असोसिएशननें वि. वा. शिरवाडकर यांचें 'नटसम्राट' रंगभूमीवर आणलें. पुरुषोत्तम दारव्हेकर दिग्दर्शक होते. शेक्सपिअरच्या लिअर राजाची छाया ज्याच्यावर पडली आहे, असा वृद्ध नट अप्पा बेलवलकर हा या नाटकाचा नायक. ही भूमिका अवघड कां, हें समजून घेण्याजोगें आहे. बेलवलकर स्वतःच नट असल्यामुळें त्याला दोन आवाज आहेत : एक गाजलेल्या भूमिकांचा, भरदार आणि घुमणारा, दुसरा घरांत नकोसा झालेल्या म्हाताऱ्याचा. पहिलाच आवाज सर्वत्र लावला तर भूमिकेचें भाषण होतें. दुसराच लावला तर सम्राट दिसेनासा होतो. पहिल्या आवाजांतून दुसरा हळूहळू डोकावूं लागला पाहिजे. त्रेचाळीस वर्षांच्या लागूंनीं तें साधलें, आणि पुढें जो जो नट अप्पांच्या भूमिकेंत उभा राहिला त्याची तुलना त्यांच्याशीं होऊं लागली.

रंगभूमीवरील त्यांचा पल्ला एवढ्यावर थांबला नाहीं. विजय तेंडुलकरांच्या 'गिधाडे' नाटकांतील हिंस्र कुटुंब त्यांनीं निर्भयपणें प्रेक्षकांपुढें उभें केलें. वसंत कानेटकरांच्या 'हिमालयाची सावली' मध्यें ध्येयापायीं घराकडे पाठ फिरविणारे नानासाहेब भानु त्यांनीं रंगविले. सत्तरी ओलांडल्यावर, १९९९ सालीं, मकरंद साठे यांच्या 'सूर्य पाहिलेला माणूस' मध्यें ते सॉक्रेटिस झाले.

आतां चित्रपटाकडे वळूं. नाटकांत भाव पहिल्या अंकापासून सांचत जातो आणि शेवटच्या अंकांत त्याचा बांध फुटतो. चित्रपटांत शेवटचा प्रसंग आधीं व पहिला मागाहून टिपला जातो. नटाला भावाचा हिशेब मनांतच ठेवावा लागतो. शिवाय नाट्यगृहांत जो हातवारा योग्य, तोच कॅमेऱ्यापुढें अवास्तव होतो. आवाज कमी करून तीव्रता मात्र कमी न होऊं देणें ही तेथील कसोटी.

लागूंचे दोन 'मास्तर' या दृष्टीनें शेजारीं ठेवून पाहावे. व्ही. शांताराम यांच्या 'पिंजरा' (१९७२) या लोकप्रिय तमाशापटांतील गुरुजी उंचावरून खालीं कोसळतो. जब्बार पटेल यांच्या 'सामना' (१९७५) मधील मास्तर आरंभींच कोसळलेला, दारूच्या आहारीं गेलेला आहे. तरीहि निळू फुले यांच्या हिंदुराव पाटलापुढें मारुती कांबळेचा प्रश्न तो सोडीत नाहीं. एकाचें पतन आणि दुसऱ्याचें उत्थान दाखवितांना नटाचा चेहरा तोच, परंतु मान, पाऊल आणि नजर निराळी.

हिंदी चित्रपटांतील त्यांच्या कामाविषयीं तक्रारीचा सूर निघतो, आणि तो अगदींच निराधार नाहीं. लोकप्रिय चित्रपट दुय्यम नटास पुरतें माणूस क्वचितच देतो. वडील, न्यायाधीश, अधिकारी असे सांचेच त्याच्या वांट्यास येतात. परंतु 'मुकद्दर का सिकंदर' (१९७८) मध्यें पोरक्या मुलाला हाकलणारा श्रीमंत बाप आणि 'लावारिस' (१९८१) मध्यें पोरक्या मुलाला वाढविणारा दारूडा गंगू गणपत, या दोहोंतील अंतर सांचा सांगत नाहीं, नट सांगतो. 'घरौंदा' (१९७७) मधील वृद्ध मोदी सहज खलपुरुष ठरला असता. लागूंनीं त्याचें एकाकीपण दाखविलें, आणि त्या भूमिकेस फिल्मफेअर पारितोषिक मिळालें. रिचर्ड ॲटनबरो यांच्या 'गांधी' (१९८२) मध्यें ते गोखले होऊन थोडाच वेळ दिसतात. पण गुरुस्थानीं असलेल्या माणसाचें वजन तेवढ्यांतहि जाणवतें.

१७ डिसेंबर २०१९ रोजीं पुण्यास त्यांचें निधन झालें. त्यांच्या आत्मचरित्राचें नांव 'लमाण'. लमाण म्हणजे एका गांवचा माल दुसऱ्या गांवीं पोंचविणारा. माल नाटककाराचा, बाजार कधीं नाट्यगृहाचा तर कधीं चित्रपटाचा. वाहणाऱ्यानें तो वाटेंत सांडूं नये, भिजूं देऊं नये, एवढेंच पाहावयाचें. ज्यानें भरलेला दवाखाना सोडून हें ओझें खांद्यावर घेतलें, त्यानें लहान गांठोडेंहि मोठ्या ओझ्याइतक्याच जपणुकीनें नेलें. त्यांच्या अभिनयाच्या विस्ताराचें मर्म हेंच होय.