एक नाव, दोन मधुरांतक

कावेरी आणि अरसलार या दोन नद्यांच्या मध्ये वसलेल्या कुंभकोणम् नगराचे जुने तामिळ नाव कुडंदै असे आहे. चोळ राजांचे एक प्रमुख निवासस्थान असलेले पळैयारै येथून जवळच होते. आज पट्टीश्वरम् आणि दारासुरम् यांच्या परिसरात विखुरलेली खेडी आणि मंदिरे हेच त्या राजनगरीचे अवशेष होत. कल्की या नावाने प्रसिद्ध असलेले तामिळ लेखक रा. कृष्णमूर्ती (१८९९–१९५४) यांनी आपल्या 'पोन्नियिन् सेल्वन्' या कादंबरीतील बराचसा भाग याच परिसरात घडविला आहे. पोन्नी म्हणजे कावेरी. तेव्हा कादंबरीच्या नावाचा अर्थ 'कावेरीचा पुत्र' असा होतो. तिचा नायक वंदियदेवन् आणि राजकन्या कुंदवै यांची पहिली भेट कुडंदै येथील एका ज्योतिषाच्या घरी होते. १९५० ते १९५४ या काळात 'कल्की' साप्ताहिकातून क्रमशः प्रसिद्ध झालेली ही पाच भागांची कथा तामिळ घराघरांतून वाचली गेली, आणि दहाव्या शतकातील चोळ इतिहास असंख्य वाचकांना प्रथम तिच्याच द्वारे माहीत झाला.

या कादंबरीत मधुरांतक या नावावर हक्क असलेली दोन पात्रे आहेत. एक त्या नावाने राजवाड्यात वाढतो. दुसऱ्याला ते नाव कथेच्या अखेरीस मिळते. इतिहासात मात्र त्या काळी त्या सिंहासनावर बसलेला मधुरांतक एकच होता. एकाच ऐतिहासिक पुरुषाचे दोन पुरुष करण्याची आवश्यकता कादंबरीकाराला का वाटली असावी, हा प्रश्न केवळ कथानकाच्या चातुर्याचा नाही. एका राजावर आलेल्या खुनाच्या संशयाशी त्याचा निकटचा संबंध आहे.

प्रथम नावाविषयी. मधुरांतक म्हणजे मदुरेचा अंत करणारा. पहिला परांतक चोळ (९०७–९५५) याने पांड्यांची राजधानी मदुरा जिंकली, आणि त्या विजयाची आठवण चोळ घराण्याच्या नावांतून पुढे टिकून राहिली. वडीलधाऱ्यांची नावे मुलांना देण्याची प्रथा महाराष्ट्राप्रमाणेच चोळ कुळातही होती. राजराजाच्या बहिणीचे नाव कुंदवै, आणि त्याच्या कन्येचेही नाव कुंदवैच. तंजावरच्या भोसले घराण्यातील शहाजी, शरफोजी, तुळजाजी अशी पुनःपुन्हा येणारी नावे ज्याला ठाऊक आहेत, त्या मराठी वाचकाला याचे नवल वाटणार नाही.

परांतकाचा पुत्र गंडरादित्य हा शिवभक्त राजा होता. चिदंबरम् येथील शिवावर त्याने रचलेली स्तोत्रे शैवांच्या पवित्र ग्रंथांत समाविष्ट आहेत. त्याची राणी सेम्बियन् महादेवी हिने विटांची अनेक जुनी मंदिरे दगडात बांधून काढली. त्यांचा मुलगा मधुरांतक हा पित्याच्या मृत्युसमयी लहान असल्यामुळे राज्य गंडरादित्याचा धाकटा भाऊ अरिंजय याच्याकडे व त्याच्यानंतर अरिंजयाचा पुत्र सुंदर चोळ याच्याकडे गेले. सुंदर चोळाची मुले तीन : आदित्य करिकाल, कुंदवै आणि अरुळ्मोळिवर्मन्. हा अरुळ्मोळि म्हणजेच पुढे तंजावरचे बृहदीश्वर मंदिर बांधणारा राजराज होय.

पांड्य राजा वीरपांड्य याचा शिरच्छेद केल्याचा अभिमान मिरविणारा युवराज आदित्य करिकाल याची इ. स. ९७० च्या सुमारास हत्या झाली. त्यानंतर गादीवर आला तो त्याचा भाऊ अरुळ्मोळि नव्हे, तर चुलता मधुरांतक. उत्तम चोळ हे नाव धारण करून त्याने ९८५ पर्यंत राज्य केले, आणि त्याच्या पश्चात राजराजाची कारकीर्द सुरू झाली.

हत्येविषयीचा मुख्य पुरावा काट्टुमन्नारकोविल येथील उडैयार्गुडीच्या शिलालेखात आहे. हा लेख राजराजाच्या कारकीर्दीच्या दुसऱ्या वर्षाचा आहे. करिकालाचा वध करणारे राजद्रोही म्हणून सोमन्, त्याचा भाऊ रविदासन् आणि परमेश्वरन् अशी नावे त्यात येतात, आणि त्यांच्या व त्यांच्या आप्तांच्या जप्त जमिनींच्या विक्रीचा तपशील दिलेला आहे. हत्या झाली त्यानंतर दीड दशकाने ही जप्तीची कारवाई दिसते. मग मधल्या काळात, म्हणजे उत्तम चोळाच्या राज्यात, गुन्हेगार मोकळे का राहिले? सुप्रसिद्ध इतिहासकार क. अ. नीलकंठ शास्त्री यांनी यावरून उत्तम चोळाचा या कटाशी संबंध असावा, अशी शंका प्रकट केली. कुंभकोणम्‌जवळच्या तिरुप्पुरम्बियम् गावी जन्मलेले आणि कुंभकोणम्‌च्या शाळेत दीर्घकाळ तामिळ शिकविणारे ति. वै. सदाशिव पंडारत्तार यांना हा तर्क मान्य नव्हता. शिलालेखात जमिनीच्या विक्रीची हकीकत आहे. अपराध्यांना शिक्षा त्याच वर्षी झाली असे त्यावरून निश्चित ठरत नाही. मारेकऱ्यांचा हेतू पांड्य राजाच्या वधाचा सूड घेण्याचा असू शकतो, ही गोष्टही विचारात घ्यावी लागते.

दुसरा पुरावा १९०५ साली सापडलेल्या तिरुवालंगाडु ताम्रपटाचा. राजेंद्र चोळाच्या काळातील या ताम्रपटात म्हटले आहे, की प्रजेने अरुळ्मोळीला राज्य स्वीकारण्याची विनंती केली. परंतु आपल्या चुलत्याला राज्याची अभिलाषा आहे तोवर ते आपल्याला नको, अशी त्याने भूमिका घेतली. मधुरांतकाने त्याला युवराज नेमले आणि राज्यभार स्वतः वाहिला. चुलत्याच्या लोभाचा हा उल्लेख संशयाला बळ देणारा आहे. परंतु त्याच ताम्रपटात मधुरांतकाचे जे वर्णन येते, ते शिवाच्या ठिकाणी चित्त ठेवणाऱ्या आणि आपले धन त्याच्या सेवेला वाहणाऱ्या राजाचे आहे. राज्यलोभी आणि शिवभक्त अशी दोन चित्रे एकाच पटावर, एकाच नावाखाली कोरलेली आहेत.

कल्कींच्या दोन मधुरांतकांचे मूळ या विसंगतीत शोधले, तर ते पुष्कळसे सापडते. ताम्रपटातील दोन चित्रे त्यांनी दोन माणसांना वाटून दिली. कादंबरीत सेम्बियन् महादेवीला झालेले मूल निर्जीव समजले जाते. ते पुरण्यासाठी एका मुक्या-बहिऱ्या स्त्रीच्या हाती दिले जाते, आणि त्याच्या जागी मंदाकिनी नावाच्या मुक्या स्त्रीला झालेल्या जुळ्यांपैकी मुलगा ठेवला जातो. हा मुलगा मधुरांतक म्हणून वाढतो, कटवाल्या सरदारांच्या नादी लागतो, गादीसाठी उतावीळ होतो. राणीला सत्य माहीत असल्यामुळे ती स्वतःच त्याच्या राज्याभिषेकाला विरोध करते. इकडे मृत समजलेले बाळ जिवंत निघते. ते सेंदन् अमुदन् या नावाने वाढते, देवासाठी फुलांच्या माळा गुंफते आणि भक्तिपदे गाते. शेवटी रहस्य उलगडते, आणि अरुळ्मोळि आपल्याला मिळालेला मुकुट या माळी तरुणाच्या मस्तकावर ठेवतो. कादंबरीच्या अखेरच्या भागाचे 'त्यागशिखर' हे नाव या प्रसंगाला उद्देशून आहे.

मराठी वाचकाला येथे पानिपतानंतर उपटलेल्या आणि १७७६ साली देहान्त शासन झालेल्या भाऊसाहेबांच्या तोतयाची आठवण होईल. परंतु तोतया जाणूनबुजून सोंग वठवीत असतो. कल्कींच्या पहिल्या मधुरांतकाला मात्र आपण कोण हे बराच काळ ठाऊकच नसते. तो वीरपांड्याचा मुलगा निघतो, आणि या ठिकाणी नावातला उपरोध तीव्र होतो : मदुरेच्या वारसाला जन्मभर 'मदुरेचा काळ' या नावाने हाक मारली गेली! पुढे कादंबरीकार त्याला अमरभुजंग हे नाव देतो. तेही कल्पित नाही. राजराजाने पराभूत केलेल्या पांड्य राजाचे हे नाव तिरुवालंगाडु ताम्रपटातूनच आलेले आहे. इतिहासात सुटे पडलेले नाव अशा रीतीने कथेत एका देहाला जोडले गेले.

या योजनेमुळे उत्तम चोळ निर्दोष ठरतो. लोभाचा डाग तोतया मधुरांतकाबरोबर निघून जातो. कथेपुरते हे समाधानकारक असले, तरी इतिहासात त्याला अदलाबदलीचा आधार नाही. १९५० नंतरच्या पिढ्यांना सेंदन् अमुदन् इतका जिवंत वाटतो, की तो ऐतिहासिक नव्हे याचा पुष्कळांना विसर पडतो. २०२३ साली प्रदर्शित झालेल्या 'पोन्नियिन् सेल्वन्' चित्रपटाच्या दुसऱ्या भागात मुकुट मधुरांतकालाच मिळतो, म्हणजे दोन पात्रे पुन्हा एक झाली.

उत्तम चोळाची बाजू घ्यावयाची असेल, तर त्यासाठी कल्पित जुळ्यांची गरज नाही. राजराजाच्या राज्यात मधुरांतकन् गंडरादित्तन् नावाचा एक अधिकारी मंदिरांच्या कारभारावर देखरेख करीत असे. वडिलांचे नाव आधी लावण्याच्या तामिळ रीतीनुसार तो उत्तम चोळाचा मुलगा मानला जातो. भावाच्या मारेकऱ्याच्या मुलाला राजराजाने असे पद दिले असते काय? तिरुवालंगाडु ताम्रपट राजराजाचा पुत्र राजेंद्र यालाही मधुरांतक म्हणतो. द्वेष्य व्यक्तीचे नाव कोणी आपल्या मुलाला सहसा देत नाही. हे पुरावे निर्णायक नसले, तरी संशयाच्या पारड्यासमोर त्यांचे वजन पडते.

कुंभकोणम्‌च्या पूर्वेकडील कोनेरिराजपुरम् येथील शिवमंदिरात लिंगाची पूजा करणाऱ्या गंडरादित्याचे शिल्प आहे. आपला पुत्र मधुरांतकदेव म्हणजेच उत्तम चोळ राज्य करीत असताना सेम्बियन् महादेवीने पतीच्या नावे हे मंदिर दगडात बांधविले, असे तेथील लेख सांगतो. तेथे मधुरांतक एकच आहे, आणि त्याची आई त्याला आपला मुलगा म्हणते.