पहिली जून : अख्ख्या वर्गाचा वाढदिवस

३१ मे हा महाराष्ट्रातल्या सरकारी कचेऱ्यांमधला निरोपसमारंभांचा दिवस. तहसील कचेरी, जिल्हा परिषद, पोलीस ठाणं, शाळा. जिकडे जावं तिकडे हार, शाली आणि भाषणं. राज्य सरकारच्या सेवेतला माणूस साधारणपणे ५८ व्या वर्षी निवृत्त होतो, तोही वय पूर्ण होईल त्या महिन्याच्या अखेरीस. जन्म १ तारखेचा असला, तर आदल्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी. आणि कागदोपत्री १ जूनला जन्मलेली माणसं आपल्याकडे गावोगाव आहेत.

ही तारीख त्यांच्या आईने सांगितलेली नाही. ती शाळेत नाव घालताना गुरुजींनी लावली. एका पिढीला तिचा वाढदिवस शाळेने दिला, म्हणूनच त्या पिढीची साठी वर्गमित्रांनी एकत्र साजरी करणं मला फार रास्त वाटतं.

गुरुजींनी लावलेली तारीख

जन्ममृत्यूच्या नोंदणीचा आजचा केंद्रीय कायदा १९६९ सालचा. त्याआधीही गावात पाटील-कोतवालाकडे नोंदी होत, पण शाळेत नाव घालायला आलेला बाप तो कागद घेऊन येत नसे. तो सांगे ते असं : ‘पोळ्याच्या आदल्या दिवशी झाला’, ‘थोरलीच्या लग्नानंतरच्या सुगीत’, ‘मोठा पूर आला त्या साली’. आईला तिथी, वार आणि त्या दिवशीचा पाऊससुद्धा आठवत असे. इंग्रजी तारखेशी तिचा संबंध नव्हता.

मग गुरुजी पोराला समोर उभं करत. उजवा हात डोक्यावरून नेऊन डाव्या कानाला लावायला सांगत. हात कानाला पोहोचला की पोर शाळेच्या वयाचं झालं. शाळा जूनमध्ये सुरू होई आणि प्रवेशाचं वय जूनपर्यंत पूर्ण झालेलं दाखवावं लागे, म्हणून १ जून ही सर्वांत सोयीची तारीख ठरली. जनरल रजिस्टरमध्ये ती एकदा अंकांत आणि एकदा अक्षरांत लिहिली गेली की कायमची झाली. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर तीच उतरली. दाखल्यावरून नोकरीत, नोकरीतून पेन्शनच्या कागदांत आणि पुढे आधार कार्डावरही.

खेड्यातल्या एकेका वर्गात त्यामुळे अनेकांचा वाढदिवस एकाच दिवशी येतो. आज त्या वर्गांच्या व्हॉट्सॲप गटांवर १ जूनला सकाळपासून शुभेच्छांची रीघ लागते. कुणी म्हणतं, ‘माझा खरा वाढदिवस कार्तिकात.’ पण शुभेच्छा सगळे घेतात, कारण हा दिवस वर्गाने मिळून वाटून घेतलेला असतो.

साठीचा हिशेब

वर्षावर्षाला केक कापण्याची रीत आपल्याकडे अलीकडची. पूर्वी घरी तिथीने वाढदिवस व्हायचा. सकाळी अभ्यंगस्नान, पाटाभोवती रांगोळी, आईचं औक्षण आणि वाटीभर शिरा किंवा खीर. शाळेत एखाद्या सुखवस्तू घरच्या मुलाने लिमलेटच्या नाहीतर रावळगावच्या गोळ्या वाटल्या, तर तेवढ्यावर वर्ग आठवडाभर खूश असे. मोठा समारंभ व्हायचा तो उतारवयातल्या टप्प्यांचा.

परंपरेने त्या टप्प्यांना शांती नेमून दिल्या आहेत. पन्नाशीला वैष्णवी, साठीला उग्ररथ, सत्तरीला भैमरथी, पंचाहत्तरीला ऐंद्री आणि एक्याऐंशीच्या उंबरठ्यावर सहस्रचंद्रदर्शन. यातल्या साठीमागे आकाशाचं गणित आहे. गुरू ग्रह सुमारे १२ वर्षांत सूर्याभोवती एक फेरी पुरी करतो, शनी सुमारे ३० वर्षांत. म्हणजे ६० वर्षांत गुरूच्या ५ आणि शनीच्या २ फेऱ्या होतात आणि दोघं पुन्हा साधारण त्याच जागी येतात. पंचांगातली संवत्सरंही ६०. प्रभवापासून सुरू झालेली माळ क्षयापर्यंत जाते आणि परत प्रभव येतं. साठी पूर्ण झालेल्या माणसाच्या आयुष्यात त्याच्या जन्माचं संवत्सर दुसऱ्यांदा उगवतं. महाराष्ट्रात या समारंभाला एकसष्टी म्हणतात, कारण साठ पुरी करून माणूस एकसष्टाव्या वर्षात पाऊल ठेवतो.

सहस्रचंद्रदर्शनाचं गणितही असंच सरळ आहे. एका पौर्णिमेपासून दुसरीपर्यंत सरासरी साडेएकोणतीस दिवसांहून किंचित जास्त काळ जातो. अशा हजार पौर्णिमांचे सुमारे २९,५३० दिवस होतात, म्हणजे ८० वर्षं आणि १० महिने. हजार पूर्ण चंद्र पाहिलेल्या माणसाला घरातल्या बायका औक्षण करतात, नातवंडं दिवे लावतात, कुणाची पुस्तकांनी किंवा गुळाने तुला होते.

हे सारे सोहळे घरचे. मुलं-सुना, जावई, व्याही, भाऊबंद यांनी भरलेले. वर्गमित्र असलेच तर पाकीट देऊन जेवून जाणारे. गेल्या काही वर्षांत मात्र गावोगावच्या बॅचेसनी स्वतःची ‘एकत्रित साठी’ सुरू केली आहे. तिला शांतीचा विधी लागत नाही, गुरुजी लागतात ते हजेरी घेणारे.

पंचाहत्तरची बॅच

या नव्या प्रथेचं सर्वांत बोलकं उदाहरण म्हणजे १९७५ ची बॅच. शिक्षणाचा १०+२+३ हा आकृतिबंध आला आणि मार्च १९७५ मध्ये महाराष्ट्रात दहावीची एसएससी पहिल्यांदा झाली. त्याच वर्षी जुन्या अभ्यासक्रमाची अकरावीची मुलंही परीक्षेला होती. कित्येक घरांत थोरला भाऊ जुन्या अकरावीला आणि धाकटी बहीण नव्या दहावीला, दोघांचा अभ्यास एकाच कंदिलाखाली. निकालानंतर नवी मुलं ‘अकरावी’त गेली ती शाळा सोडून कनिष्ठ महाविद्यालयात. तोपर्यंत अकरावी म्हणजे शाळेचाच शेवटचा वर्ग होता.

ही मुलं आठवीत गेली ते साल १९७२, दुष्काळाचं. स्नेहमेळाव्यात मराठवाड्यातल्या, सोलापूर-नगरकडच्या कुणी बोलायला सुरुवात केली की आधी येते ती सुकडी, मग रेशनवरच्या लालसर मिलो ज्वारीची भाकरी. सुट्टीत आईबापांबरोबर दुष्काळी कामावर खडी फोडायला गेलेली मुलं त्याच वर्गात होती आणि नव्या गणिताची पुस्तकंही त्यांनीच उघडली. पुस्तकं वरच्या वर्गातल्या मुलाकडून निम्म्या किमतीत घेतलेली. फी माफ व्हावी म्हणून ईबीसीचा (आर्थिकदृष्ट्या मागास वर्गाच्या सवलतीचा) अर्ज, त्यावर तलाठ्याचा उत्पन्नाचा दाखला. रयत शिक्षण संस्थेसारख्या संस्थांनी तालुक्याच्या आणि मोठ्या गावांत हायस्कुलं काढली नसती, तर यातल्या पुष्कळांची शाळा सातवीलाच संपली असती. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली सातारा जिल्ह्यातल्या काले या गावी ही संस्था काढली. तिच्या वसतिगृहांत वेगवेगळ्या जातींची मुलं एका पंगतीत जेवली, ही त्या हायस्कुलांमागची पुण्याई आहे.

मुंबई-पुण्याच्या आठवणी वेगळ्या. मुंबईत २ ऑक्टोबर १९७२ ला दूरदर्शन सुरू झालं आणि चाळीत एका घरी टीव्ही आला की अख्ख्या मजल्याची मुलं त्या खोलीत मावत. पण प्रार्थना सगळ्यांची पाठ. पुस्तकाच्या पहिल्या पानांवरची प्रतिज्ञाही. साठीतली माणसं एका सुरात ती म्हणतात तेव्हा मध्ये कुणी अडखळत नाही.

यातल्या बहुतेकांचा जन्म १९५९-६० चा. शके १८८२ मध्ये जन्मलेल्यांचं संवत्सर शार्वरी. ते परत आलं शके १९४२ मध्ये, गुढीपाडवा २५ मार्च २०२० ला. त्याच दिवशी देशभर टाळेबंदी लागू झाली. त्या वर्षीची १ जूनही घरातच गेली. ज्यांची साठी घरी बसून, मोबाइलच्या पडद्यावर झाली, त्यांच्यातले काही त्या काळात गेलेही. म्हणून २०२५ मध्ये दहावीला ५० वर्षं झाली, तेव्हा पुष्कळ बॅचेसनी राहिलेली साठी आणि दहावीची पन्नाशी असे दोन्ही सोहळे एका मांडवात केले.

चेहरा ओळखू येतो, नाव आठवत नाही

योगायोगाने १९७५ सालीच वर्गमित्रांच्या आठवणींवरचं एक गाजलेलं संशोधन अमेरिकेत प्रसिद्ध झालं. मानसशास्त्रज्ञ हॅरी बाहरिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १७ ते ७४ वयाच्या ३९२ जणांना तपासलं. शाळेच्या वार्षिक पुस्तकातले वर्गमित्रांचे फोटो अनोळखी फोटोंमध्ये मिसळून दाखवले. शाळा सोडून ३०-३५ वर्षं झालेल्यांनीही दहातले नऊ चेहरे बरोबर ओळखले. पण काही न दाखवता ‘वर्गातली नावं लिहा’ म्हटल्यावर यादी फार आखूड आली, आणि जितकी वर्षं जास्त तितकी ती आणखी आखूड.

आपल्या मेळाव्यांत हेच घडतं. फाटकातून आत येणाऱ्याचं टक्कल, जाड चष्मा, काठी यांतून चेहरा ओळखू येतो आणि नाव ओठांवर अडतं. शेजारचा म्हणतो, ‘अरे, हा बाकाखाली बेडूक सोडणारा!’ आणि नाव धडाक्याने बाहेर पडतं. एकाची आठवण दुसऱ्याची आठवण उघडते. मानसशास्त्रज्ञांना आणखी एक गोष्ट वारंवार आढळली आहे. साधारण दहाव्या ते तिसाव्या वर्षांदरम्यानच्या आठवणी उतारवयात सर्वांत दाट असतात. पहिलेपणाच्या बहुतेक गोष्टी त्याच वयात घडतात आणि माणूस स्वतःला कोण समजतो हेही तेव्हाच ठरतं. साठीतला माणूस आठवीतल्या बाईंचा आवाज सांगू शकतो, त्याचं कारण यात आहे.

घरचे त्याला बाबा, आजोबा, साहेब म्हणून ओळखतात. त्याला ‘ए बाळ्या’ म्हणणारे आईवडील गेलेले असतात. ती हाक मारण्याचा अधिकार आता फक्त वर्गमित्रांकडे उरलेला असतो. एकत्रित साठीचं खरं मोल मला इथे दिसतं.

मुलींचा शोध

बॅच जमवणाऱ्यांना सर्वांत जड जातो तो वर्गातल्या मुलींचा शोध. लग्नानंतर आडनाव बदललं, वडिलांच्या नावाच्या जागी नवऱ्याचं आलं, अनेकींचं पहिलं नावही तांदळाच्या ताटात बदललं गेलं. हजेरीपटावरची ‘कुसुम’ आज कुठल्या गावात ‘वैशाली’ म्हणून राहते, हे वर्गात कुणालाच ठाऊक नसतं. शोध लागतो तो बहुधा माहेरच्या वाटेने. गावातला भाऊ, शेतीचा वाटा विचारायला गेलेला तलाठी, नागपंचमीला माहेरी आलेली दुसरी मैत्रीण.

दहावीच्या आत लग्न होऊन शाळा सुटलेल्या मुली तर बॅचच्या यादीतच नसतात, कारण यादी परीक्षेला बसलेल्यांची असते. काही बॅचेस आता आठवीच्या हजेरीपटापासून सुरुवात करतात. हे मला अत्यंत गरजेचं वाटतं. जी मध्येच थांबली तीही त्या वर्गाचीच. अशी एखादी मैत्रीण नातीचा हात धरून पन्नास वर्षांनी शाळेच्या पायऱ्या चढते, तेव्हा तिचा सत्कार बोर्डात आलेल्या मुलाच्या आधी व्हायला हवा.

एकत्रित साठी कशी होते

कार्यक्रमाची घडी आता बरीचशी ठरून गेली आहे. दिवाळीनंतरचा किंवा मे महिन्यातला रविवार, कारण तेव्हा बाहेरगावचे गावी असतात. सकाळी शाळेची घंटा, रांगेत प्रार्थना, राष्ट्रगीत. हयात असलेल्या शिक्षकांचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार. गेलेल्या शिक्षकांना आणि सोबत्यांना श्रद्धांजली. मग जुन्या वर्गात, जुन्या बाकांवर हजेरी. शक्य असेल तर त्याच सरांकडून, जे आज नव्वदीच्या घरात आहेत. मग वर्गातल्या साऱ्या साठीकरांचं औक्षण. ताम्हणात निरांजन, सुपारी, अंगठी, अक्षता. मैत्रिणी ओवाळतात आणि मित्रही मैत्रिणींना ओवाळतात. दुपारी पंगत, संध्याकाळी फोटो. शाळेला काही देण्याची पद्धतही रुजली आहे : पिण्याच्या पाण्याचं यंत्र, बाक, संगणक, कुंपणाची भिंत, गरीब मुलांच्या फीसाठी ठेव.

ज्यांना असा सोहळा करायचा आहे, त्यांना काही गोष्टी कळकळीने सांगाव्याशा वाटतात. वर्गणी ठरवताना हातावर पोट असलेल्या मित्राचा विचार सर्वांत आधी करा, आणि कुणी किती दिले ते जाहीर करू नका. ओळख करून देताना हुद्दे आणि बंगले बाजूला ठेवा. जो शेतात राबला आणि जो सचिवालयात बसला, ते हजेरीपटावर शेजारी शेजारी होते. वर्गात पूर्वी जातीवरून, गरिबीवरून कुणाला बोललं गेलं असेल, तर ते गमतीच्या आठवणी म्हणून सांगू नका. ज्याला लागलं होतं तो समोरच बसलेला असतो. मुख्याध्यापकांची परवानगी घेऊन जनरल रजिस्टर आणि जुने गटफोटो पाहा, आणि फोटोतल्या प्रत्येकाचं नाव मागे लिहून ठेवा.

हे काम आज करायला हवं. साठीची बॅच पंचाहत्तरीला जमेल तेव्हा सर्वांना चेहरे ओळखू येतील, पण नावं सांगणारे कमी असतील, आणि शिक्षक बहुधा नसतील. दुष्काळात डबा वाटून खाल्लेल्यांची, पहिल्या पिढीत शिकलेल्यांची, मध्येच शाळा सोडावी लागलेल्यांची ही नोंद कुठल्याही सरकारी दप्तरात मिळणार नाही. ती फक्त या वर्गांकडे आहे. म्हणून प्रत्येक बॅचने आपल्या आठवणी एका वहीत उतरवून शाळेच्या ग्रंथालयात ठेवाव्यात. ज्या शाळेने आपल्याला जन्मतारीख दिली, तिला परत देण्यासारखी याहून मोलाची वस्तू नाही.