गावी जाताना मांजर: न्यायचं की ठेवायचं?

आजचा एपिसोड मांजरवाल्यांसाठी. मी पुण्यात कोड लिहितो, घर चांदूर रेल्वेला, आणि माझ्या मांजरीचा मुक्काम दोन्हीकडे. त्यामुळे सुट्टी आली की मित्रांचा एकच प्रश्न येतो, "भाऊ, मांजर सोबत न्यायची की ठेवून यायची?" माझं मत आधीच सांगतो: चार-पाच दिवसांसाठी जात असाल तर तिला हलवू नका. महिनाभर जात असाल तरच नेण्याचा विचार करा.

आई म्हणते, "मांजर हाये ते बाबू, माणसाले नाही, घराले धरून राहते." यात बरंच खरं आहे. मांजरासाठी जागा म्हणजे वास. ती दाराच्या चौकटीला, सोफ्याला गाल घासते ना, तेव्हा स्वतःचा वास तिथं लावून ठेवते. नव्या घरात तो वास नसतो, म्हणून दोन दिवस पलंगाखालून बाहेर येत नाही. पण आईच्या वाक्याचा उरलेला अर्धा भाग, म्हणजे "राहीन आपलं आपलं", हे मात्र चालत नाही. दिवसातून दोनदा कोणीतरी यायलाच पाहिजे. नुसतं वाटीत खाणं टाकून जाणं नाही, तर तिनं खाल्लं का आणि वाळूच्या टोपल्यात लघवी केली का हे बघायला.

हे दोनच प्रश्न का? मांजर सलग दोन दिवस उपाशी राहिली, विशेषतः लठ्ठ असेल, तर अंगातली चरबी यकृतात साचायला लागते आणि यकृतच काम सोडतं. कुत्रा एक-दोन दिवस जेवला नाही तर इतकं घाबरायचं कारण नसतं, मांजरीचं तसं नाही. आणि बोका टोपल्यात वारंवार बसतोय, ओरडतोय, पण थेंब पडत नाहीये, तर लघवीचा मार्ग तुंबलेला असू शकतो. लोकांना वाटतं बद्धकोष्ठ आहे, सकाळी बघू. सकाळी नाही, आत्ता! एक-दोन दिवसांत जीव जातो.

आता आपल्याकडचा खरा व्हिलन, म्हणजे ऊन. मे महिन्यात वऱ्हाडात पारा ४५ च्या पुढं जातो. टिनाच्या घरात किंवा स्लॅबखालच्या बंद खोलीत मांजर कोंडून गावाला जाऊ नका, बस. खालच्या मजल्याची, फरशीची खोली द्या, खिडकीला जाळी लावा, पाणी दोन-तीन ठिकाणी ठेवा. मांजर तोंड उघडून धापा टाकत असेल तर ते कुत्र्यासारखं नॉर्मल नसतं. साध्या पाण्यानं अंग ओलं करा, पंख्याखाली घ्या आणि डॉक्टरांना फोन लावा. बर्फाचं पाणी नको. अजून एक, डास होऊ नयेत म्हणून काही लोक कूलरच्या टाकीत रॉकेल नाहीतर फिनाईल टाकतात. मांजर नेमकं तेच पाणी प्यायला जाते. त्यापेक्षा आठवड्याला टाकी रिकामी करून घासा.

फिनाईलनं पुसलेली ओली फरशी पण तशीच. मांजर त्यावरून चालते, मग पंजे चाटते. कपाटातल्या डांबर गोळ्या, कुत्र्याचं गोचीड मारायचं औषध, कांदा-लसूण घातलेला रस्सा, हे सगळं तिच्यासाठी विष आहे. सगळ्यात वाईट म्हणजे पॅरासिटामॉल. "अंग गरम लागते" म्हणून प्रेमानं अर्धी गोळी देणारे आहेत. मांजरीच्या यकृतात ते औषध पचवायची यंत्रणा जवळपास नसतेच. ५०० मिलिग्रॅमची एक गोळी तिचा जीव घ्यायला पुरते. आणि तिचं अंग आपल्यापेक्षा गरमच असतं, साधारण १०० ते १०२ फॅरेनहाइट. म्हणजे हात लावून ताप कळतच नाही.

शेजारच्या काकूंवर जबाबदारी देत असाल तर हेही सांगा की नुसतं दूध-पोळी नको. मोठ्या मांजरांना दूध बऱ्याचदा पचत नाही, जुलाब होतात. शिवाय तिला टॉरिन नावाचा घटक लागतो, तो मांस-मासळीत असतो, पोळीत नसतो. वर्षानुवर्षं नाही मिळाला तर डोळे जातात, हृदय कमजोर होतं.

नेणारच असाल, तर रेल्वे. थर्ड एसी, स्लीपरमध्ये पिशवीत लपवून नेऊ नका, परवानगी नाही. नियमाप्रमाणे फर्स्ट एसीचा आख्खा कूपे किंवा केबिन तुमच्या नावावर असेल तर मांजर सोबत राहू शकते. त्यासाठी पार्सल ऑफिसात तिचं बुकिंग, लसीचं कार्ड आणि डॉक्टरांचं सर्टिफिकेट लागतं. गाडी सुटायच्या बऱ्याच आधी पोचा. दुसरा मार्ग म्हणजे गार्डच्या डब्यातला कुत्र्यांचा पिंजरा. उन्हाळ्यात बडनेरा ते पुणे त्यात मांजर? मी तर नाही ठेवणार.

कॅरिअर निघायच्या दिवशी माळ्यावरून काढू नका. दोन-तीन आठवडे आधी घरात उघडं ठेवा, आत जुनी चादर टाका, खाणंही तिथंच द्या. त्या दिवशी निघायच्या तीन-चार तास आधी जेवण बंद, पाणी चालू. प्रवासात दार उघडायचं नाही, कितीही ओरडली तरी. प्लॅटफॉर्मवर सुटलेली मांजर हाक मारून परत येत नाही.

लसीचं राहिलंच. तीन महिन्यांची झाली की रेबीजची लस, मग डॉक्टर सांगतील तसा बूस्टर. अवघड केस असेल तर अकोल्याला पशुवैद्यकीय संस्था आहे, नागपूरला कॉलेज आहे. अनोळखी मांजर चावली किंवा ओरबाडलं तर जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात जा. हळद-तिखट लावत बसू नका.

आणि हो, काकूंसाठी एक चिठ्ठी फ्रिजला चिकटवा: डॉक्टरांचा नंबर, खाण्याचं माप, ती कुठं लपते ते. शेवटचं विसरू नका, नाहीतर पहिल्याच दिवशी "मांजर पळाली बापा" असा फोन येईल आणि ती कपाटावर झोपलेली असेल.